अजगराचा न्यूमोनिया

माझा धाकटा भाऊ पुण्यातली खोली सोडून श्रीगोंद्याला घरी आला तेव्हा त्याच्या सामानात दोन बॅगा, एक कॉम्प्युटर, एक छोटा फ्रीज आणि चादरीने झाकलेली काचेची पेटी होती. आईने विचारलं, "मासे हायेत का?" तो "नाही" म्हणाला आणि पेटी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. चादर काढली तेव्हा आत नारळाच्या भुश्श्यावर एक साप वेटोळं घालून बसलेला. आई जी ओट्यावर जाऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत घरात आली नाही.

तो आफ्रिकेतला अजगर होता. बॉल पायथन म्हणतात त्याला. आपल्याकडच्या अजगरासारखा हा अवाढव्य होत नाही. चारेक फूट लांब, माझ्या मनगटापेक्षा थोडा जाड, चॉकलेटी अंगावर मधाच्या रंगाचे डाग. विष नाही. घाबरला की चावायचं सोडून डोकं मधोमध लपवतो आणि अंगाचा चेंडू करून बसतो. आपल्या रानातले साप पाळणं गुन्हा आहे. हा बाहेरदेशातला, माणसांच्या हाताखालीच अंड्यातून निघालेला, म्हणून सरकारकडे नोंद करून ठेवता येतो, आणि ती नोंद मी केली आहे, असं भाऊ मला एका दमात सांगत होता. त्यानंतर एका दमात इतकं बोलताना मी त्याला फार कमी वेळा ऐकलं.

तो साप मादी होता. हे कळल्यावर आई म्हणाली, "सून यायची ती राहिली, ही आली." नाव मात्र भावाने ठेवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "सापाला कान नसतात, ताई. हाक कुणाला मारायची?" म्हणून घरात आम्ही तिला 'ती' म्हणायचो आणि आई 'ते' म्हणायची.

घरात आम्ही तिघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न टिकलं नाही म्हणून मी माहेरीच राहते आणि काष्टीच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. चार एकर ऊस आहे, तो वाट्याने दिलेला. भाऊ सॉफ्टवेअर कंपनीत होता. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखा तोही घरून काम करायला आला. नंतर कंपनीने ऑफिसला बोलावलं तेव्हा गेला नाही. आज जातो, सोमवारी जातो, असं करत नोकरी गेली. ती गेल्याचं आम्हाला त्याच्याकडून कळलं नाही; कॉम्प्युटरवर धूळ बसलेली आईने पाहिली, त्यावरून कळलं.

त्याला काय झालं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कुणी फसवलं होतं का, कुणी सोडून गेलं होतं का, हे आम्ही आडून आडून विचारलं. तो म्हणायचा, "काही नाही झालेलं. काहीच नाही." दिवसभर पडून असायचा. अंघोळ आठ-आठ दिवस नाही. जेवायला बोलावलं की "ठेव" म्हणायचा, आणि ताट तसंच परत यायचं. नगरला मी त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, थोडा उठून बसू लागला, आणि मग त्याने त्या आपल्या मनानेच बंद केल्या. नातेवाईक विचारायचे, "काय करतो सध्या?" आई सांगायची, "घरूनच काम हाय त्याचं." लोकांना ते पटायचं नाही, पण पुढे कुणी विचारायचं नाही.

एकच काम तो चुकवत नसे. पेटीतलं पाणी बदलायचं, भुस्सा ओला आहे का बघायचं, काचेला चिकटवलेल्या दोन थर्मामीटरवर दिव्याकडची आणि सावलीची बाजू किती गरम आहे ते पाहायचं. पेटीखाली गरम होणारी चटई होती, वर एक दिवा. आठवड्याला एकदा तो आपल्या छोट्या फ्रीजमधून गोठवलेला उंदीर काढायचा, कोमट पाण्यात भिजवायचा आणि चिमट्याने तिच्यापुढे धरायचा. त्या दिवशी आई शेजाऱ्यांकडे जाऊन बसायची. मी एकदा दारात उभी राहून पाहिलं. ती इतका वेळ दगडासारखी होती की मला वाटलं झोपलीय, आणि मग एका झटक्यात उंदीर तिच्या तोंडात गेलासुद्धा. भावाच्या तोंडावर हसू होतं. मला त्या उंदराची किळस आली होती, पण ते हसू बघायला मी पुढच्या आठवड्यात परत गेले.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग तो हिवाळा आला.

कारखान्यांचं गाळप जोरात होतं, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने चालल्या होत्या, आणि थंडी कडाक्याची पडली होती. आमची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आमच्या बाजूला हे नवं नाही; थंडीत उसाला पाणी, सगळ्यांच्या मोटारी एकदम, डीपी जळते. पण एरवी दोन दिवसांत दुसरी बसते, या वेळी बसेना. वायरमन म्हणायचा, "वर मागणी केलीय." आमच्या घरातला इन्व्हर्टर पहिल्या दिवशी संध्याकाळीच बसला. पेटीतला दिवा गेला, चटई गार पडली.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, हे मी शाळेत मुलांना शिकवत आलेय. थंड रक्ताचे प्राणी, फळ्यावर लिहायचं, खाली रेघ ओढायची. ऊब नसणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं. भावाने तिला पांघरुणात गुंडाळून स्वतःच्या पोटाशी धरलं होतं. त्याचे ओठ निळसर झाले होते. मी गरम पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या, पण त्या तासाभरात निवायच्या. तेव्हा आई मागच्या अंगणात गेली, चुलीत विटा घातल्या, तापल्यावर गोणपाटात बांधल्या आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवल्या.

"आत नको सांगू यायला," ती म्हणाली. "विटा मी देत जाईन."

आणि डीपी बसेपर्यंत तिने विटा दिल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, पण एक वीट निवायच्या आत दुसरी हजर असायची.

लाईट आली तेव्हा आम्हा तिघांनाही वाटलं, निभावलं. पेटी पुन्हा गरम झाली. पण तीन-चार दिवसांनी मी सकाळी त्याच्या खोलीत चहा ठेवायला गेले तर बारीक आवाज ऐकू आला. तान्ह्या पोराला सर्दी झाली की त्याचं नाक वाजतं, तसा. मला वाटलं भावालाच सर्दी झाली. तो पेटीपुढे उकिडवा बसला होता. त्याने मला बोट दाखवलं.

ती कोपऱ्यात मान उभी करून होती, तोंड छताकडे. एका नाकपुडीवर बारीक बुडबुडा यायचा, फुटायचा, परत यायचा. मधूनच तोंड उघडायचं. आत लाळेची तार दिसायची.

"न्यूमोनिया," भाऊ म्हणाला. "तोंड वर का केलंय माहितीय? खाली केलं की श्वास येत नाही."

"औषध असेल ना?"

"असतं. वेळेत मिळालं तर असतं."

शेजाऱ्यांच्या गाईला बघायला तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले होते. मी त्यांना हात जोडून घरात आणलं. पेटीत काय आहे ते बघून त्यांनी आधी खिडकी कुठे आहे ते पाहिलं. मग चष्मा लावून वाकले, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बाई, गाय असती, शेळी असती, तर आत्ताच्या आत्ता सुई मारली असती. ह्यातलं मला काहीही कळत नाही. उगीच कमी-जास्त डोस जाईल न् मरून जाईल. तुम्ही पुण्याला न्या. तिथं पक्षी, कासवं बघणारे डॉक्टर असतात. उद्याच न्या."

बाहेर पडताना त्यांनी मला हळूच विचारलं, "हे पाळलंय कुणी?"

"भावानं."

"बरं," ते म्हणाले, आणि शेजारच्या गोठ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. भाड्याची गाडी सांगितली. माझा खरा घोर वेगळा होता: भाऊ येईल का? तो वर्षभर तरी अंगणाच्या फाटकाबाहेर पडला नव्हता. सकाळी मी तयार होऊन बसले तर न्हाणीघरातून पाण्याचा आवाज. तो अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. शर्ट त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या मनात एकच गोष्ट आली असणार. मी तर मनातल्या मनात म्हटलंही, ही आजारी पडली ते बरंच झालं.

तिला कापडी पिशवीत घालून, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून, कडेला गरम पाण्याची बाटली लावली होती. झाकणाला भोकं पाडली होती. भाऊ खोकं मांडीवर घेऊन मागे बसला. ड्रायव्हर आमच्याच भागातला, चाळिशीतला माणूस. दौंडच्या अलीकडे त्याने आरशातून बघत विचारलं, "ताई, खोक्यात काय हाय? भाऊंनी लई जपून धरलंय."

मी काय सांगू याचा विचार करतेय तोवर भाऊ म्हणाला, "अजगर आहे. आजारी आहे. दवाखान्यात नेतोय."

गाडीचा वेग एकदम कमी झाला. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळला. "खरं सांगताय?"

"खरं."

"झाकान घट हाय ना?"

"घट्ट आहे. आणि ती चावत नाही."

तो पुढे वळला आणि स्टिअरिंगवर हात ठेवले. "आमच्यात मारत न्हाईत," तो म्हणाला. "पन गाडीत बी न्हाई नेत." आणि गाडी सुरू केली. पुणं येईपर्यंत त्याने आरशात एकदाही पाहिलं नाही.

दवाखाना एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. बाकड्यांवर पोपट, ससा, एक कासव घेऊन माणसं बसली होती. कुणीही आमच्या खोक्याकडे वळून पाहिलं नाही, याचं मला बरं वाटलं. डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिने अजगराला दोन्ही हातांवर तोलून घेतलं, तिच्या अंगाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, चपट्या चमच्यासारख्या वस्तूने तोंड उघडून बॅटरी मारली, कापसाच्या काडीवर लाळ घेतली. मग एक्स-रे. भाऊ तिला सगळं सांगत होता: किती दिवस गारठा होता, शेवटचं खाणं कधी, कात कधी टाकली. तो इतकं नेटकं बोलत होता की मी बाजूला उभी राहून त्याचंच तोंड बघत राहिले. कंपनीत असा बोलत असेल, असं मला वाटलं.

डॉक्टरने एक्स-रे दिव्यापुढे धरला. काळं दिसायला हवं तिथे पांढरट धुकं होतं.

"सापाला खोकता येत नाही," ती म्हणाली. "आपल्याला कफ झाला की आपण खोकून बाहेर काढतो. ह्यांच्याकडे ती सोयच नाही. आत साचतं ते साचतच राहतं. औषध देऊया. पण खोटी आशा देत नाही मी. बरंच भरलंय."

"किती चान्स आहे?" भावाने विचारलं.

"निम्म्याहून कमी."

तो मान हलवत म्हणाला, "ठीक आहे. सांगा काय करायचं."

दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन. पेटी नेहमीपेक्षा गरम ठेवायची. रोज दोनदा बंद डब्यात ठेवून यंत्राने औषधाची वाफ द्यायची. इंजेक्शन मानेच्या मागच्या भागात, शेपटीकडे अजिबात नाही, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या मांसात, खवल्यांच्या फटीतून तिरकी सुई घालून. डॉक्टरने मला आणि त्याला दोघांनाही करून दाखवलं.

येताना ड्रायव्हरने दौंड ओलांडल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. "जगंल का?"

"बघू," भाऊ म्हणाला.

घरी पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी भावाने सुई भरली आणि खवल्यापर्यंत नेऊन मागे घेतली. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग सुई माझ्या हातात दिली. "तू कर. मी धरतो."

मी त्याआधी सापाला कधी हात लावला नव्हता. ओलं, बुळबुळीत काही लागेल असं वाटत होतं. ते कोरडं होतं. रेशमी साडीच्या काठासारखं, आणि आत सगळं मांस. मी बोटाने कणा चाचपला, खवला किंचित वर केला, सुई घातली. तिने अंग आवळलं, भावाच्या मनगटाभोवती एक विळखा जास्त घट्ट झाला, बस्स. आवाज नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग सगळं घर त्याच कामाला लागलं. मी शाळेत जायच्या आधी वाफ, आल्यावर वाफ. डाळ-तांदूळ ठेवायचा आईचा मोठा पारदर्शक डबा आम्ही घेतला, झाकणाला नळीपुरतं भोक पाडलं. यंत्र घुर्रघुर्र करायचं, डबा धुक्याने भरायचा, आणि आत ती मान वर करून बसायची. आईने डबा परत मागितला नाही. उलट एक दिवस मी शाळेतून आले तर आई आतल्या खोलीत, उंबऱ्याच्या आत, खुर्चीवर बसलेली. यंत्र चालू होतं.

"त्याला झोप लागली हुती," ती म्हणाली. "मंग मीच लावलं. ह्ये बटन दाबायचं, एवढंच हाय ना?"

दुसरा आठवडा संपता संपता बुडबुडा दिसेनासा झाला. आवाज कमी झाला. एका सकाळी तिने मान खाली करून भुश्श्यावर टेकवली आणि जीभ बाहेर काढली, दोन-तीनदा, जशी निरोगी असताना काढायची. भाऊ स्वयंपाकघरात आला. आमच्यासोबत पाटावर बसून त्याने चहा घेतला, एक भाकरी खाल्ली. आईला म्हणाला, "मिरची घाल की थोडी ठेच्यात." आईने भरलेल्या डोळ्यांनी मिरच्या भाजल्या, धुराचं निमित्त मिळालं.

त्याच सुमारास पुण्याहून लाळेच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरने फोनवर सांगितलं की ज्या जंतूंनी हे झालंय त्यांना चालू औषध नीट लागू पडणार नाही, वरवर बरं वाटलं तरी. औषध बदललं. दुसरी इंजेक्शनं सुरू केली.

इंजेक्शनं सुरू झाली आणि ती खालावली. औषधाने की आजाराने, कोण सांगणार. पुन्हा मान वर. आता तोंड बंदच होईना. लाळ दाट, पिवळट. कडेचे खवले सुरकुतले, कणा वर दिसायला लागला. इंजेक्शन द्यायला मांसच हाताला लागेना. मी चाचपत राहायची आणि भाऊ "लवकर, ताई" म्हणायचा. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे नळीने पातळ अन्न पोटात घालायचा प्रयत्न केला, त्यातलं निम्मं तोंडाशी परत आलं, आणि तिचा श्वास आणखी घुटमळला. ते आम्ही परत केलं नाही.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. तोच ड्रायव्हर आला. दुसरा कुणी तयार झाला नव्हता की त्यानेच येतो म्हटलं होतं, मी विचारलं नाही. या वेळी भावाने दाढी केली नव्हती. अंगातला शर्ट रात्रीचाच होता. डॉक्टरने नवा एक्स-रे काढला, पण दिव्यापुढे धरून दाखवला नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"मी एक सुचवते, तुम्ही लगेच उत्तर देऊ नका," ती म्हणाली. "तिला झोपेचं इंजेक्शन देऊन शांतपणे सोडवता येईल. आता जे चाललंय ते तिला पाण्यात बुडाल्यासारखं होतंय."

भाऊ म्हणाला, "नको."

"तुम्ही विचार करा."

"नको. घरी नेतो."

मी त्याला बाहेर नेलं. त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मला कुणी असं विचारलं असतं, की ह्याचा त्रास संपवायचा का, तर तू काय सांगितलं असतंस?"

दवाखान्याच्या दाराशी लोक येत-जात होते. मी आत जाऊन खोकं उचललं.

त्यानंतर ती आठवडाभर होती. एका दुपारी मी चौथीच्या मुलांची उजळणी घेत असताना आईचा फोन आला. "ये," आई म्हणाली. "गेलं वाटतं ते. पन ह्यो ऐकंना."

मी आले तेव्हा भाऊ पेटीपुढे जमिनीवर बसला होता. ती त्याच्या हातात होती. मान खाली लोंबत होती, आणि इतक्या आठवड्यांनी तोंड बंद. "सापाचं हृदय नंतरही चालतं," तो म्हणाला. "बराच वेळ चालतं. आत्ताच काही सांगता येत नाही." त्याने तिला दिव्याखाली ठेवलं. दिवा वाढवला. आम्ही बसून राहिलो. त्याच्या सांगण्यावरून मी तिच्या पोटाच्या बाजूने बोट ठेवलं आणि मला काही लागतंय का ते पाहिलं. एकदा लागल्यासारखं वाटलं. ती माझ्याच बोटातली नाडी असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा रंग बदललेला होता आणि खोलीत वास यायला लागला होता. तेव्हा तो म्हणाला, "पुरूया."

उसाच्या बांधाला मी खड्डा खणला. भाऊ तिला टॉवेलात घेऊन उभा होता. वाट्याने ऊस करणारा शेतकरी पाणी धरायला आला होता, त्याने लांबून विचारलं, "काय पुरताय, म्याडम?" मी म्हटलं, "जनावर होतं घरचं." तो टोपी नीट करत पुढे गेला. माती लोटून झाल्यावर भाऊ तिथेच उकिडवा बसला.

"आपण तिला उगाच छळलं का गं?" त्याने विचारलं. "त्या डॉक्टरचं ऐकायला हवं होतं?"

मी म्हटलं, "तू जे केलंस ते तिच्यासाठीच केलंस."

"ते नाही विचारलं मी," तो म्हणाला.

त्या दिवशी तो घरात जाऊन झोपला, आणि उठायचं त्याचं कारण संपलं. मी आधी जे गृहीत धरलं होतं की एका जिवाच्या मागे धावताना माणूस उभा राहतो आणि मग उभाच राहतो, ते तसं नव्हतं. तो ती असेपर्यंत उभा होता. ताट पुन्हा तसंच परत यायला लागलं. मी नगरच्या डॉक्टरकडे परत नेलं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. तो आता त्या घेतो, कारण आई समोर उभी राहून पाणी देते. त्या गोळ्यांनी त्याला सारखी झोप येते. एवढाच फरक.

महिन्याभराने एका संध्याकाळी आई त्याच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसली. मी भाजी निवडत होते, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"आरं," आई म्हणाली, "तसलंच दुसरं आन."

त्याने पांघरूण वर ओढलं.

"मी म्हंतीय आन. मी भीत न्हाई आता. लागंल ते मी करीन."

तो म्हणाला, "नको, आई. त्याला कोण सांभाळणार?"

"तू सांभाळशील की."

"मी नाही," तो म्हणाला. चिडून नाही, रडून नाही. पत्ता विचारणाऱ्याला 'मला माहीत नाही' म्हणावं तसं. "माझ्याच्याने आता कुणाचंच करणं होणार नाही."

आई आणखी थोडा वेळ बसली. मग त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करून बाहेर आली आणि माझ्याकडची अर्धी भाजी आपल्या पुढ्यात ओढून निवडू लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी रोज शाळेतून आले की आधी त्याच्या खोलीत डोकावते. तो कुशीवर, भिंतीकडे तोंड करून असतो. मी विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." कधी ते खरं असतं. सुट्टीच्या दिवशी मी त्याला म्हणते, चल, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन येऊ. तो म्हणतो, उद्या. आई हल्ली म्हणते की जरा ऊन कमी झालं की त्याला बरं वाटेल. थंडीच्या दिवसांत ती म्हणायची, जरा ऊन पडू दे. मी दोन्ही वेळा "हो" म्हणते आणि कपडे वाळत घालायला अंगणात जाते.